मुलगी म्हणते प्लास्टिक सर्जरीच, आणि तीही परत इकडंच येऊन

सोनपेठचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी परभणी जिल्ह्यात शाळामास्तर. थोरली लेक घाटीतून एमबीबीएस झाली (बाहेरच्यांसाठी: घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज). आता एमएस सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही मनात धरलं होतं की हे झालं की गंगाखेडला नाहीतर परळीला दवाखाना टाकेल. तर ती म्हणते, अजून ३ वर्षं एमसीएच करायचं, प्लास्टिक सर्जरी, त्यातही चेहऱ्याचं काम. आणि ते झाल्यावर पुण्या-मुंबईला न थांबता इकडंच एखाद्या मेडिकल कॉलेजात शिकवायचं.

घरात दोन तट पडलेत. मेव्हणे म्हणतात, "प्लास्टिक म्हणजे नटनट्यांचं काम. आपल्याकडं लोक नाक मुठीत धरून जगायलेत, ते नीट करून घ्यायला कोण येतंय?" तिची आई लग्नाचं वय मोजते. मी मधे.

विचारायचं एवढंच की मराठवाड्यात ह्या कामाला खरंच वाव आहे का, आणि शिकवण्यात जन्म घालवावा असं त्यात काय असतं? मी स्वतः ३४ वर्षं शिकवतोय, तरी दुसरा प्रश्न मलाच पडलाय.

---

केस_पांढरे

वाव? जालना रोडला हेअर ट्रान्सप्लांटच्या पाट्या मोजा. मेव्हण्यांनाच एक दिवस पेशंट म्हणून यावं लागेल. (हलके घ्या.)

---

उसाचं_चिपाड

मास्तर, मेव्हण्याला आमच्या गावाला पाठवा. दोन वर्षांखाली माझ्या चुलतीची वेणी मळणी यंत्राच्या पट्ट्यात गेली. भुवईपासून मागं मानेपर्यंत डोक्याची सगळी कातडी निघाली. चुलत्यानं ती पिशवीत घालून आणली, वरून बर्फ टाकला. तालुक्याच्या डॉक्टरनं हात जोडले. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुढं. पोचायला ११ तास गेले. कातडी काही लागली नाही, मग मांडीची काढून लावली. चुलती आता बरी हाय, शेतात जाती, पण पदर डोक्यावरून कधी ढळू देत नाही. घरात पण.

पोरगी इकडं यायला तयार असेल तर कामून अडवता? बाकी मला त्यातलं काय कळत नाही.

---

जांभळी_शाई

मास्तर, मी ह्याच कामात आहे. २६ वर्षं झाली, त्यातली २१ शिकवण्यात. कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्याकडे भिंतींनाही कान आहेत आणि त्या कानांवर ऑपरेशन करायला मला वेळ नाही.

आधी चुलतीबद्दल, कारण हे इथं वाचून कुणाच्या तरी कामी येईल. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचा, ती गुंडाळी कोरड्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट कातडीला लागला की ती गोठून मरते. पेशंट आणि पिशवी एकाच गाडीत पाठवायची. (पिशवी घरी राहिली, हेही पाहिलंय.)

आता वाव. आमची सोमवारची ओपीडी सांगतो. हेल्मेट न घालता पडलेली पोरं, गालाचं नाहीतर जबड्याचं हाड मोडलेलं. गुटख्यानं जबडा खाल्लेली माणसं, पस्तिशी-चाळिशीची. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, आमच्या गेटसमोरच्या टपरीला ते अजून कळलेलं नाही. भाजून हनुवटी छातीला चिकटलेल्या बाया. बैलानं शिंग मारलेला माणूस. ओठ फाटलेली लेकरं. नाक सरळ करायला आलेला? वर्षाला तीन-चार. तेही बहुतेक लग्न ठरत नाही म्हणून आईबापांनी आणलेले.

एक लेकरू मात्र मी विसरत नाही. ९ वर्षांचा मुलगा, तोंड उघडत नव्हतं. म्हणजे अजिबात नाही, दातांमधून सुरीचं पातं जाणार नाही इतकं. आई भाकरी दुधात कुस्करून, गालाच्या आतून बोट घालून, शेवटच्या दाढेमागच्या फटीतून घास सारायची. सहा वर्षं. तिसऱ्या वर्षी तो बैलगाडीतून हनुवटीवर पडला होता. हनुवटीला कुणीतरी तीन टाके घातले, छान घातले. पण हनुवटीवर बसलेला मार कानापुढच्या सांध्यात पोचतो, तिथं कुणी बोट लावून पाहिलं नाही. सांध्यात रक्त साकळलं, हळूहळू त्याचं हाड झालं आणि जबडा कवटीला जडला. वाढीचं केंद्र तिथंच असतं, त्यामुळे हनुवटी वाढलीच नाही. रात्री झोपला की घोरायचा, श्वास अडायचा. असल्या मुलाला भूल देणं हीच अर्धी लढाई, कारण नळी घालायला तोंडच नाही. नाकातून दुर्बीण घालून भुलेच्या मॅडमनी नळी बसवली.

जडलेलं हाड कापलं, टेबलावर तोंड ३५ मिलिमीटर उघडलं. सगळा स्टाफ खूश. मी रेसिडेंटना (शिकाऊ डॉक्टरांना) म्हटलं, खरं काम उद्यापासून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्यायच्या, एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर चार-पाच दिवसांनी एक वाढवायची. दुखतं, लेकरू रडतं, आईचं काळीज हलतं आणि ती काडी काढते. काडी काढली की सांधा परत जडतो. त्या आईनं काढली नाही. सहा महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा त्यानं आमच्यासमोर अख्खा पेरू दातानं फोडला.

शिकवण्याचं उद्या लिहितो, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बोलावणं आलंय.

---

दंतकथा

जांभळी_शाई, मस्त. पण ह्या सांध्याच्या केसेस आणि चेहऱ्याची मोडलेली हाडं आम्ही ओरल सर्जनही करतो, ते कुठं गेलं? मास्तर, बीडीएस ५ वर्षं, एमडीएस ३ वर्षं, एकूण ८. एमसीएचच्या वाटेनं इंटर्नशिप धरून साडेअकरा, बाँड वेगळा. जबडा मोडलेल्याच्या एक्सरेवर हाडाची टोकं जुळलेली दिसतात आणि पेशंटला घास चावता येत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. आधी दातावर दात बसवा, मग प्लेट लावा.

---

जांभळी_शाई

दंतकथा, मान्य. दात तारेनं बांधायला मला एका डेंटलच्या पोरीनं शिकवलं, रात्री दोन वाजता, ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान होती. जिथं दोन्ही विभाग एका ओटीत उभे राहतात तिथं पेशंटचं भलं होतं. जिथं केस कुणाची ह्यावर फाईल फिरते तिथं हाड तोवर वाकडं जुळून बसतं. मास्तरांच्या लेकीची वाट आता ठरलेली आहे, तिला ८ आणि साडेअकराचा हिशेब सांगून उपयोग नाही.

आता शिकवणं.

माझे वडील शिंपी. सेलूला बाजारात दुकान, आमचं घर मागं. शिकाऊ पोरगा आला की वडील त्याला वर्षभर कात्री देत नसत. खडू द्यायचे. कापड बेतायला लावायचे. उरेब कुठं, उभं सूत कुठं, कळी (जोडायचा तिरका तुकडा) कुठं बसणार, शिलाईत किती जाणार. पोरं कंटाळायची. वडील म्हणायचे, कात्री काय गाढवही चालवतं.

हे मला एमसीएचच्या दुसऱ्या वर्षी आठवलं. ३ महिन्यांच्या बाळाचा फाटका ओठ होता. सरांनी सुई जांभळ्या शाईत बुडवून ओठावर ठिपके दिले, एकेक ठिपका मोजून. ओठाची जी पांढरट कड असते ना, लाल भाग सुरू होण्याआधीची, तिथं एक मिलिमीटर चुकलं तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथंच अडते. मिलर्ड नावाच्या अमेरिकन सर्जननं १९५५ साली ही पद्धत मांडली. आखूड बाजू फिरवून खाली आणायची, मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या बाजूची कातडी पुढं सारायची. मी बघतच राहिलो. ही तर वडिलांची कळी होती!

म्हणून माझ्याकडे पहिल्या वर्षी सुरी नाही, शाई. प्रत्येक केसचा बेत रेसिडेंटनं आधी कागदावर काढायचा, मग पेशंटच्या कातडीवर, मग मला सांगायचं की कुठून किती घेतलं आणि जिथून घेतलं तिथलं भोक कसं बुजणार. बहुतेकांचं तिथंच अडतं. घ्यायचं सगळ्यांना माहीत असतं. चेहऱ्यावर फालतू कापड नसतं हो. कपाळाची कातडी नाकाला दिली तर कपाळ काय म्हणेल?

संध्याकाळी हातमोज्याच्या रबराच्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली टाके. ते जमले की कोंबडीच्या तंगडीतली रक्तवाहिनी. मेस बंद असली की तंगडीचं पुढं काय होतं ते विचारू नका. जबड्याच्या प्लेटांसाठी खाटकाकडून बोकडाची मुंडी. तो आमचा खाटीक पोरांना 'मुंडीवाले डॉक्टर' म्हणतो.

पण ह्यातलं काहीच कठीण नाही. कठीण आहे ते सुरी दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतःचे हात मागं बांधून उभं राहणं. माझे सर खरोखर मागं बांधायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला ते जमायचं नाही. एका मुलाच्या हातून टाळूच्या ऑपरेशनात मी सुरी काढून घेतली. तो चुकत नव्हता, सावकाश करत होता. माझाच धीर सुटला. त्यानं नंतर सहा महिने स्वतःहून एकही केस मागितली नाही आणि पुढं हे काम सोडून दिलं. पेशंट उत्तम बरा झाला, म्हणून कुणी मला काही बोललं नाही.

---

रात्रपाळी_जेआर

सर, मी दुसऱ्या एका कॉलेजात सर्जरीचा जेआर (ज्युनिअर रेसिडेंट). आमच्याकडे गुटख्याचा जबडा काढला की पायाचं हाड लावतात. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, रक्तवाहिनीसकट काढायचं, कापून जबड्याच्या आकाराला वाकवायचं आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडायची. नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न, "मग चालणार कसा?" भार नडगीच्या मोठ्या हाडावर असतो, चालतो.

मला सांगायचंय ते वेगळंच. ऑपरेशन सर लोक करतात, त्यानंतरची रात्र आमची. दर तासाला टॉर्च घेऊन तोंडात बघायचं. हाडाबरोबर लावलेली कातडी गुलाबी का, गरम का, टोचल्यावर लाल रक्त येतं का. पहिल्यांदा मला पहाटे ३ वाजता ती जांभळट वाटली. वाटली म्हणजे काय, टॉर्चचा सेल पण उतरलेला. वॉर्डातल्या मामांना विचारलं, ते म्हणाले मला तर मघापासून तशीच दिसायलीय. फोन करावा का नको? केला. सर वीस मिनिटांत आले, बघितलं आणि म्हणाले, "छान आहे, चहा पाजा." एक शब्द रागाचा नाही. पुढच्या महिन्यात परत तसंच वाटलं, परत केला. त्या वेळी शिरेत खरंच गुठळी होती. परत उघडलं, वाचलं. पहिल्या वेळी सर ओरडले असते तर मी दुसऱ्या वेळी सकाळपर्यंत थांबलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

---

मुठेकाठचा

विषय पुण्याचा निघाला नाही म्हणून मीच काढतो. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा शेतकरी, १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकायला होता. टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक लावून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघायला हजर होते. ते वाचून लंडनच्या कार्प्यूनं आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तसं नाक केलं. युरोपात ह्याला 'भारतीय पद्धत' म्हणतात. सुश्रुतानं गालाची कातडी सांगितली होती, ही कपाळाची.

---

जांभळी_शाई

मुठेकाठचा, हे मी दरवर्षी नव्या बॅचला सांगतो, पण त्यातल्या दोन गोष्टींसाठी. एक: त्या कारागिरानं आधी मेणाचं पातळ नाक करून थुटकावर बसवून पाहिलं, मग ते मेण उलगडून कपाळावर सपाट ठेवलं आणि भोवती रेघ मारली. म्हणजे बेतलं! आज आम्ही टाक्यांच्या पाकिटाची चमकी कापून अगदी हेच करतो. दोन: टाके नव्हते, तर कडा कशानं चिकटवल्या? कात भिजवून, कापडाच्या पट्ट्यांवर लावून. पानातला कात. चार दिवस दुसरं काही नाही. कपाळाची कातडी भुवयांमधे जोडलेलीच ठेवली होती, तो जोड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला. आम्हीही साधारण तीन आठवडे थांबतो.

तोच कात आता गुटख्याच्या पुडीतून आमच्याकडे येतो.

---

पाळणा

मी अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा. आमच्या वस्तीवर ओठ फाटलेलं बाळ झालं. सासू म्हणती सून ग्रहणात विळीवर बसली होती. बाळाला अंगावर ओढता येईना, नाकातून दूध यायलंय. आणि दसरा-दिवाळीला आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जाणार, ते पाडव्याच्या आसपास परत. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी या. तीन महिन्यांनी ते कर्नाटकात असतील. काय करू?

---

जांभळी_शाई

ताई, ग्रहणाचा काही संबंध नाही, सासूबाईंना सांगा डॉक्टरनं लिहून दिलंय. सुनेच्या डोक्यावरचं ते ओझं आधी उतरवा.

दूध: आईचंच, पिळून काढून, बोंडल्यानं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, आडवं नाही. थोडं थोडं पाजून मधे मधे ढेकर काढायचा. नाकातून आलं तर घाबरायचं नाही, थांबून परत. पण दूध पाजताना बाळ निळं पडत असेल, धाप लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तीन महिने थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

वेळ: ओठासाठी जुना ठोकताळा आहे, १० आठवडे, १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन १०. तुमचं हत्यार वजनकाटा. दर आठवड्याला वजन लिहा. शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकाकडे (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) नाव आजच नोंदवा, फाटका ओठ त्यांच्या यादीत आहे, ऑपरेशन मोफत होतं. आणि टोळी निघायच्या आत बाळ एकदा सर्जनला दाखवून ठेवा. ओठ थोडा उशिरा, पाडव्यानंतर शिवला तरी चालतो. टाळू फाटलेली असेल तर ती मात्र वर्ष-दीड वर्षाच्या आत, बोलायला लागण्याच्या सुमारास व्हायला हवी, नाहीतर बोलणं नाकात जातं आणि पुढं सुटत नाही.

मास्तर, मुंबईच्या पुस्तकात हंगाम नसतो. माझ्या रेसिडेंटना मी ओठाची तारीख देताना आधी विचारायला लावतो, "कोयता आहे का घरात?" एकानं पहिल्यांदा ऐकून पोलीस केस समजली होती.

---

स्पष्टवक्ता

त्यापेक्षा शिबिरं बरी. दोन दिवसांत शंभर ओठ. हे कॉलेज, शिकवणं, सगळं वेळखाऊ आहे.

---

जांभळी_शाई

शिबिरांना मी नावं ठेवणार नाही. पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी अमेरिकेतून येऊन गावोगाव फुकट ऑपरेशनं करत. पुढं अपघातानं चाकाच्या खुर्चीत बसले, कर्करोगानं स्वरयंत्र गेलं, तरी येत राहिले. २००१ ला पद्मश्री, २०११ ला गेले. त्या काळात इकडच्या लेकराला दुसरं कोण होतं?

पण शिबिराचा तंबू उठल्यावर टाळू कोण करणार, वाचा कोण सुधारणार, आठव्या-दहाव्या वर्षी हिरडीत हाड कोण भरणार? एका लेकराचं काम १६-१७ वर्षं चालतं. त्यासाठी एकाच जागी बसलेलं माणूस लागतं, आणि ते निवृत्त झालं की त्या खुर्चीत बसणारं दुसरं.

---

सोनपेठचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आइस्क्रीमच्या काड्यांपाशी तिची आई उठून आत गेली, मग पाणी पिऊन परत येऊन बसली. मेव्हण्यांना धाग्याची लिंक पाठवलीय, निळ्या खुणा झाल्यात, उत्तर नाही.

पसंतीक्रमात प्लास्टिक पहिलं टाकायचं ठरलं. तिचा एक प्रश्न आहे जांभळी_शाई सरांना: भाजलेली मान सोडवताना इंग्रजी झेडच्या आकाराचा काप घेतात, त्याचा कोन ६० चाच का?

---

जांभळी_शाई

तिला म्हणावं एक जुना रुमाल घे. मधे सरळ रेघ मार, ती समज आखडलेली कातडी. दोन्ही टोकांना विरुद्ध दिशेनं तेवढ्याच लांबीच्या रेघा, पहिल्या रुमालावर ३० अंशांत, दुसऱ्यावर ६०. काप आणि दोन्ही त्रिकोणांची अदलाबदल करून शिव. हिशेबानं ३० ला लांबी पाव पटीनं वाढते, ६० ला पाऊण पटीनं. त्याच्या वर गेलीस तर त्रिकोण फिरता फिरत नाही, ते ८० ला करून स्वतःच बघ. तीन रुमाल लागतील.

---

सोनपेठचा_मास्तर

कापले. ८० चा खरंच फिरत नाही, कापड फुगतं. तिसरा रुमाल मेव्हण्यांचा निघाला.